पस्तीस लाईट आणि एक वजनकाटा

फोनवर पाच मिनिटं बोललं की माझं तोंड कोरडं पडतं, जीभ टाळूला चिकटते, मग समोरच्याला वाटतं हा रडतोय. म्हणून टाइप करतोय. आमच्या पलीकडच्या गल्लीतल्या एकाच्या मेहुण्याला घशाचा कॅन्सर निघालाय, त्या गल्लीवाल्याचा रोज फोन, लाईट, म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन, ते नक्की काय, चटका बसतो का, किती दिवस, माणूस टिकतो का. रोज तेच तेच सांगायला लाळ पुरत नाही. एकदाच लिहून काढतो.

आधी माझं सांगतो. तासगावात टू-व्हीलरचं गॅरेज आहे, 27 वर्षं झाली. तंबाखू-चुना त्याच्याही आधीपासून, सोळाव्या वर्षी लागला तो लागलाच, आणि संध्याकाळी शटर ओढलं की क्वार्टर. रोज नाही म्हणायचो पण रोजच. मागच्या वर्षी उन्हाळ्यात गिळताना उजव्या कानात कळ यायला लागली. कानात! घशाचं दुखणं कानात कळवतं हे मला काय माहीत, मी कानात तेल सोडत बसलो. मग भाकरी अडकायला लागली. एका डॉक्टरनं ॲसिडिटी म्हणून तीन महिने गोळ्या दिल्या. आवाज बसला तेव्हा सगळे म्हणले सर्दी झालीय. श्रावण लागता लागता पोरीनं धरून सांगलीला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं नेलं, त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घातली, स्क्रीनवर बघितलं, आणि एकदम शांत झाले. डॉक्टर शांत झाला की समजायचं.

स्वरयंत्राच्या शेजारी अन्न खाली जायची एक खोबण असते, पायरीफॉर्म सायनस म्हणतात, तिथं उजव्या बाजूला व्रण होता. तुकडा काढला, आठ दिवसांनी रिपोर्ट आला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे आतल्या अस्तराचा कॅन्सर. गळ्यात उजवीकडं एक गाठ पण लागत होती हाताला.

आता पुढचं नीट वाचा, कारण माझा जीव इथं वाचला असं मला वाटतं. पहिल्या ज्या हॉस्पिटलात गेलो (नाव सांगत नाही, भांडायचं नाही मला) ते लगेच घशाला लाईट चालू करायच्या तयारीत होते. पैशाचं जमत नव्हतं म्हणून दुसरीकडं गेलो, तिथल्या रेडिएशनच्या मॅडमनी फाईल बघितली आणि विचारलं, काका पोटाची दुर्बीण केली का? म्हणलं नाही, दुखणं घशात आहे, पोटाची कशाला? त्या म्हणल्या भाकरी अडकते म्हणता ती नक्की कुठं अडकते, बोट लावून दाखवा. मी छातीच्या मध्यावर बोट लावलं. त्या म्हणल्या घसा इथं आहे का?

दुसऱ्या दिवशी दुर्बीण झाली. अन्ननलिकेत, पुढच्या दातांपासून 28 सेंटिमीटरवर, अजून एक. तुकडा काढला, परत स्क्वॅमस. मी म्हणलं वरचा खाली पसरला म्हणजे गेलं आपलं. मॅडमनी विचारलं काम काय करता? गॅरेज. म्हणल्या मग मला सांगा, सायलेन्सर एका जागी गंजून भोक पडलं तर बाकीचा पत्रा नवाकोरा असतो का? म्हणलं नाही, हात लावला की दुसरीकडं पण फुटतो. म्हणल्या तसंच आहे, तंबाखू आणि दारू एकाच रस्त्यानं 35 वर्षं गेलीय, तोंड, घसा, अन्ननलिका सगळं एकच अस्तर, दोन जागी वेगवेगळा फुटला. एकाचा दुसऱ्यात पसरलेला नाही, दोघांची मुळं स्वतंत्र. असे दोन सहा महिन्यांच्या आत सापडले की त्याला सिंक्रोनस म्हणतात. घशाच्या ह्या भागात कॅन्सर निघाला की अन्ननलिका बघायचीच असते म्हणे. मग पहिल्या ठिकाणी का नाही बघितली? असो.

पेट स्कॅन झाला, कॅन्सर अंगात अजून कुठं गेलाय का ते बघायचा, त्याचे पैसे खिशातून गेले, लिव्हर-फुप्फुस कुठं काय नव्हतं. दोन कॅन्सर आणि दोन्ही आपापल्या जागेवर. ह्याला नशीब म्हणायचं का काय ते तुम्ही ठरवा.

ऑपरेशन का नाही हे सगळे विचारतात. तर करायचं झालं तर स्वरयंत्रासकट घसा काढायचा, अन्ननलिका पूर्ण काढायची, आणि पोटाची पिशवी वर ओढून घशाला जोडायची. आवाज कायमचा गेला, गळ्याला भोक. सगळ्या डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवलं की लाईट आणि केमो बरोबर देऊ, दोन्ही जागांना एकाच वेळी, ऑपरेशन मागं ठेवू. पोरीचं समाधान होईना म्हणून परळला टाटाला पण दाखवून आलो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत दोन रात्री जागा मिळाली. तिथं पण तेच सांगितलं, आणि म्हणले सात आठवड्यांचं काम आहे, घराजवळ होत असेल तर तिकडंच घ्या. परत आलो.

महात्मा फुले योजनेत बसलं. रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट घेऊन आरोग्यमित्राच्या खिडकीवर चार हेलपाटे झाले, एका कागदावर नावात वेलांटी चुकली होती म्हणून एक आख्खा दिवस गेला. ते सोडा.

लाईट म्हणजे आमच्याकडं सगळे लाईटच म्हणतात, म्हाताऱ्या बायका शेक म्हणतात, कागदावर रेडिओथेरपी. लगेच चालू होत नाही. आधी दातवाल्याकडं पाठवलं. तंबाखूनं दाढा गेल्याच होत्या, चार काढल्या. कारण लाईट घेतल्यावर जबड्याचं हाड नंतर दात काढला तर भरून येत नाही, सडतं. म्हणून जे काढायचं ते आधी, आणि हिरड्या भरायला दोन आठवडे थांबायचं. मी कटकट करत होतो की कॅन्सर वाढतोय आणि हे दाढा काढत बसलेत. आता वाटतं तेच बरोबर होतं.

मग साचा. त्याला तिथं ऑर्फिट म्हणतात. पांढरी जाळीची प्लास्टिकची शीट असते, गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकली की मऊ होते, पोळीसारखी लोंबते. मला टेबलावर उताणं झोपवलं, मानेखाली उशी, आणि दोघांनी दोन बाजूंनी ती शीट तोंडावरून खांद्यापर्यंत ओढून खाली खटाखट लॉक केली. गरम टॉवेल ठेवल्यासारखं वाटतं, भाजत नाही. पाच-दहा मिनिटात कडक होते. नाक, कपाळ, हनुवटी, सगळ्याचा जसाच्या तसा छाप. श्वास जाळीतून येतो पण पहिल्या मिनिटाला वाटतं की येत नाही. माझे हात आपोआप वर आले, साचा लावणारा पोरगा म्हणला काका हात खाली, नाकानं घ्या, हळू घ्या. तिथं मला आमचं पोरगं आठवलं, गॅरेजमधलं, गाडी जॅकवर असताना हलली की मी असाच ओरडतो त्याला.

साचा अंगावर ठेवूनच सीटी काढला, साच्यावर आणि छातीवर खुणा केल्या. त्यानंतर दहा दिवस नुसती वाट बघायची. आम्हाला वाटलं विसरले. तर त्या दहा दिवसात डॉक्टर सीटीच्या एकेका चकतीवर कॅन्सर कुठं, गाठी कुठं, मणक्यातली दोरी कुठं, हृदय कुठं हे हातानं आखतात आणि फिजिसिस्ट त्याचा हिशोब बसवतात. माझ्या फिजिसिस्ट मॅडम तरुण होत्या, पोरीच्या वयाच्या. मी मेकॅनिक आहे कळल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर दाखवलं, दुसऱ्या कुणाला दाखवत असतील का नाही माहीत नाही.

त्यांची अडचण अशी होती. गळ्याच्या गाठींच्या वरच्या टोकापासून छातीतल्या कॅन्सरच्या खालच्या टोकापर्यंत लांबी भरत होती 30 सेंटिमीटरच्या वर. मशीनचा झोत जास्तीत जास्त 40 सेंटिमीटर उघडतो. त्यात बसत होतं पण जेमतेम. दोन वेगळे प्लॅन केले, एक गळ्याचा एक छातीचा, तर मध्ये जोड येतो. जोडावर दोन झोत एकमेकांवर चढले तर तिथं दुप्पट डोस आणि खाली मणक्याची दोरी आहे, ती जळली तर माणूस लुळा. आणि फट राहिली तर तिथं कॅन्सर लाईट न लागता सुटला. वेल्डिंगचा जोड कुठं द्यायचा हा आमचा रोजचा प्रश्न, मला लगेच कळलं. म्हणून त्यांनी जोडच ठेवला नाही, वरपासून खालपर्यंत एकच सलग प्लॅन. घशाला रोज 2 ग्रे, अन्ननलिकेला रोज 1.8. असे 28 दिवस दोन्हीला, म्हणजे अन्ननलिकेचे 50.4 झाले, आणि पुढं सात दिवस फक्त घशाला, त्याचे 70. ग्रे म्हणजे लाईट मोजायचं माप. एकूण 35 लाईट, सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी. मंगळवारी सकाळी सलाईनमधून सिस्प्लॅटिन, हे केमोचं औषध, सोमवारी त्यासाठी रक्त.

उठता उठता मॅडम म्हणल्या, काका हे सगळं तुमच्या आजच्या मापावर केलंय. वजन उतरलं तर साचा ढिला होणार, आतली गाठ सरकणार, आमचं सगळं चुकणार. आजचं वजन 64. हे धरून ठेवा, एवढं एकच काम तुमचं.

मी हो हो म्हणलं. आहाराच्या मॅडमनी सांगितलं की आत्ताच नाकातून नळी घालून घेऊ, राईल्स ट्यूब, पुढं गिळता येणार नाही. मी सरळ नाही म्हणलं. नाकात नळी घालून गावात कुठं फिरू? अजून भात जातोय की. बायको म्हणली, अहो ऐका जरा. नाही ऐकलं. ही माझी चूक, तिची किंमत पुढं येते.

पहिला लाईट घटस्थापनेला. खोलीच्या भिंती ह्या एवढ्या जाड, दार बँकेच्या तिजोरीसारखं. साचा लावतात, भिंतीतून हिरव्या-लाल रेषा येतात, त्या साच्यावरच्या खुणांवर बसवतात, अगदी व्हील अलायमेंट. मग सगळे बाहेर पळतात, दार लागतं आणि तुम्ही एकटे. मशीनचा हात आधी सुका फिरून फोटो घेतो, टेबल स्वतःच दोन-तीन मिलिमीटर सरकतं, आणि मग घूंऽऽ असा आवाज करत तो हात अंगाभोवती एक चक्कर मारतो, उलटी दुसरी मारतो. झालं. दहा-बारा मिनिटं, त्यात खरा लाईट तीन-चारच मिनिटं. चटका नाही, उजेड नाही, काही नाही. काही झालं तर हात वर करायचा, कॅमेऱ्यात दिसतं. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं काय झालं? म्हणलं काहीच नाही, एक्सरेसारखं. तोंडावर जाळीचे चौकोन उमटले होते, ती त्याच्याकडंच बघत होती.

पहिला आठवडा एकदम मजेत. खंडेनवमीला गावी येऊन पाने-स्क्रू ड्रायव्हर मांडून पूजा केली, नारळ फोडला, सगळ्यांना म्हणलं लोक उगाच घाबरवतात. दसऱ्याला पोरीनं श्रीखंड आणलं. पहिला चमचा घेतला आणि वाटलं चुना खाल्ला. दुसरा घेतला, चुनाच. चव त्या दिवशी गेली.

त्याच्यापुढं एकेक आठवड्याला एकेक गोष्ट गेली. लाळ आधी घट्ट झाली, फेव्हिकॉलसारखी, तार निघायची, रात्री उशाशी डबा ठेवून दर अर्ध्या तासानं थुंकायचं. तोंडात फोड. खायच्या सोड्याचं आणि मिठाचं पाणी करून दिवसातून आठ-दहा गुळण्या, ह्यानं खरंच फरक पडतो, बाजारातलं झणझणीत माऊथवॉश मात्र चुकून पण घेऊ नका. आणि माझं दुप्पट दुखणं असं की घशातून घोट कसातरी खाली ढकलला की छातीत परत दुसरा अडथळा, तिथं निखारा ठेवल्यासारखी जळजळ पाठीपर्यंत जायची. ज्यांना फक्त घशाचं असतं त्यांना हे नसतं. बाकावर शेजारी बसणारे म्हणायचे गिळलं की सुटलो. मी गिळलं की माझा दुसरा अंक चालू. जेवायच्या आधी ते गुलाबी म्युकेन जेल, आतून बधिर करणारं, दोन चमचे, मग पंधरा मिनिटात जे जाईल ते. नंतर मॉर्फिन चालू केलं. मला भीती वाटली की हे शेवटचं देतात. तसं काही नाही, दुखणं गेलं की कमी करून बंद केलं. त्याच्यानं संडास घट्ट होते, त्याचं औषध सोबतच मागून घ्या.

बाकावरचं सांगायचं राहिलं. रोजचे बारा-पंधरा जण, ठरलेल्या वेळा. नाव कुणी विचारत नाही, आज कितवा एवढंच विचारतात. माझा नववा, तुमचा? माझा तेविसावा. तेविसाव्याला मान असतो. एक मिश्रीवाल्या मावशी होत्या गालाच्या कॅन्सरच्या, त्या माझ्याकडं बघून म्हणायच्या, दादा, तुमचे दोन आहेत म्हणं, मग बिल एकच का दोन? त्यांच्यामुळं हसायचो, हसलं की ओठ फुटायचे.

चौदाव्या लाईटला वजन 60.2. काट्यावर अधूनमधून उभं करतात, आकडा फाईलवर लिहितात आणि कुणी काही बोलत नाही, नुसतं बघतात. सतराव्याला 58.6. त्या दिवशी साचा लावणारा पोरगा साच्यात दोन बोटं घालून दाखवायला लागला, काका बघा, फिरतंय डोकं आत. पहिल्या दिवशी कागद जात नव्हता. मीच उठून आहाराच्या मॅडमकडं गेलो आणि म्हणलं घाला नळी.

घालताना पाच मिनिटं वाईट जातात, डोळ्यातून पाणी येतं, घोट घेत राहा म्हणतात. माझा खालचा कॅन्सर तेवढा बंद करणारा नव्हता म्हणून नळी पुढं गेली, एक्सरे काढून बघितलं पोटात पोचली का, मग प्लास्टर लावलं. दोन दिवस नाक चुरचुरलं. तिसऱ्या दिवशी विसरलो. गावात कोण बघतंय म्हणून नऊ दिवस उपाशी राहिलो आणि गावातल्या कुणाला काय पडलेली नव्हती, एक पोरगं फक्त म्हणलं काका हेडफोन का?

आता बायकोचं खातं. हॉस्पिटलच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली होती, गॅसची छोटी शेगडी, मिक्सर घरून आणलेला. सकाळी सहाला पहिलं, रात्री दहाला शेवटचं, दर दोन तासांनी 200 मिली. नाचणीचं सत्त्व दुधात, मूगडाळीचं पाणी तूप घालून, केळं-दूध-शेंगदाण्याचं कूट, उकडलेलं अंडं भातात घोटून. सगळं मिक्सरमधून, मग गाळणीतून, मग परत पातळ सुती फडक्यातून. दोनदा गाळायचं कारण एका रात्री नाचणीची गुठळी नळीत अडकली, अकरा वाजले होते, खाली काही जाईना. ती पुसट उजेडात बसून 50 मिलीच्या शिरिंजनं कोमट पाणी थोडं आत, थोडं बाहेर, थोडं आत, थोडं बाहेर, असं अर्धा तास करत होती, जोर न लावता. कार्ब्युरेटरचा जेट साफ करतात तसं. मी बोलू शकत नव्हतो, खुणेनं सांगत होतो हळू. ती म्हणली तुम्ही गप बसा, हे माझं गॅरेज आहे. सुटली एकदाची. त्यानंतर प्रत्येक वेळी आधी पाणी, मग जेवण, मग परत पाणी, आणि तासभर बसूनच राहायचं, आडवं झालं की वर येतं.

नळी असली तरी तोंडानं घोट घेणं सोडायचं नाही असं स्वॉलोवाल्या थेरपिस्टनी बजावलं होतं, नाहीतर गिळायचं स्नायू विसरतात. दिवसातून वीस घोट पाणी, प्रत्येक घोटाला शिवी निघायची मनात. आणि तोंड उघडायचा व्यायाम, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातात धरायच्या. सुरुवातीला 22 बसायच्या, एकदा 15 वर आलो होतो.

दिवाळीत नवीन साचा केला, परत सीटी, परत आखणी. नवीन प्लॅन होईपर्यंत चार दिवस जुन्यावरच चालवलं, खाली फोम लावून. फिजिसिस्ट मॅडम काही बोलल्या नाहीत, पण मला लाज वाटली. एखाद्याला आपण इंजिन बसवून द्यावं आणि त्यानं ऑइलशिवाय चालवावं तशी लाज.

लक्ष्मीपूजन आणि पाडव्याची सुट्टी त्यांनी शनिवारी भरून काढली. सव्विसाव्या लाईटला मशीनच बंद पडलं. दोन दिवस. बाकावर सगळे फटाक्याची वात संपल्यासारखे बसलेले, कुणी कुणाला कितवा विचारेना. तोपर्यंत आम्हाला सगळ्यांना कळलं होतं की मध्ये खंड पडला की कॅन्सरच्या उरलेल्या पेशी परत जोर धरतात, म्हणून एकूण दिवस लांबता कामा नयेत. मी विचारलं पार्ट कधी येणार, म्हणले मुंबईहून निघालाय. एक लाईट शनिवारी दिला आणि एका दिवशी दोन दिले, सकाळी एक आणि सहा तासांचं अंतर ठेवून दुसरा. सांगायचं काय, त्यांची सुट्टी, त्यांचं मशीन, ते भरून काढतात, आपण आपल्या कंटाळ्यानं एक दिवस बुडवला तर तो कोण भरणार? एक जण लग्नाला म्हणून चार दिवस गेला होता. आला तेव्हा मावशीनं त्याला असला फाडला.

केमो सहा ठरले होते, पाच झाले. सहाव्या वेळी रक्तातल्या पेशी खाली गेल्या, कानात पण शिट्टी चालू झाली होती. मी घाबरलो की एक कमी पडला. डॉक्टर म्हणल्या एका वेळी 40 च्या मापानं पाच झाले म्हणजे 200, एवढं पुष्कळ आहे, लाईट थांबवायचे नाहीत.

गळ्याची कातडी पाचव्या आठवड्यात काळी पडली, सहाव्यात सोलली. जांभळं औषध लावायचे, कॉलरशिवायचा सुती बनियन, साबण नाही, दाढी नाही, गळ्यातली माळ पण उतरवून ठेवली होती. आरशात बघितलं तर जत्रेतलं सोंग.

पस्तिसावा लाईट झाल्यावर वजन 56.1. नळी घातल्यापासून फक्त अडीच किलो गेलं, त्याच्या आधीच्या तीन आठवड्यात साडेपाच. हा हिशोब मी स्वतः फाईलवरून केलाय, कुणी सांगितला नाही.

एक गोष्ट कुणी नीट सांगत नाही, म्हणजे सांगतात पण तेव्हा कानात शिरत नाही. शेवटचा लाईट झाला म्हणजे उद्यापासून बरं, असं नसतं. पुढचे दोन आठवडे सगळ्यात वाईट असतात. गॅस बंद केला तरी कुकर आत शिजतच असतो तसं. खोली सोडून घरी आलो, पाहुणे पेढे घेऊन आले, आणि मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून थुंकीचा डबा धरून बसलेलो. तेव्हा वाटलं की बिघडलं सगळं. तिसऱ्या आठवड्यापासून हळूहळू उतरलं. सहाव्या आठवड्याला नळी काढली. पहिली चव आली ती गोड नाही, तिखट नाही, मीठ. बायकोच्या आमटीत मीठ जास्त आहे म्हणलो आणि ती चिडायच्या ऐवजी पोरीला फोन लावायला गेली.

पेट बारा आठवड्यांनी. त्याच्या आधी करत नाहीत कारण सूजच कॅन्सरसारखी चमकते. घसा स्वच्छ. गळ्याची गाठ गेली. अन्ननलिकेत थोडं चमकत होतं. ती रात्र काही झोप नाही. दुर्बीण घालून तीन तुकडे काढले, त्यात कॅन्सर नाही निघाला, पण तिथं अन्ननलिका आखडलीय. फुग्यानं ताणून रुंद करतात, डायलेटेशन, माझी दोन झालीत. ताणल्यावर महिनाभर भाकरी कुस्करून आमटीत भिजवून जाते, मग परत घट्ट व्हायला लागतं. अजून किती वेळा, तर म्हणले बघू.

सध्याची परिस्थिती. वजन 58.4. पाण्याची बाटली सोडून दारापर्यंत पण जात नाही. दातांना रोज फ्लोराईडची जेल, थायरॉईड सहा महिन्यांनी तपासायचं कारण गळ्याच्या लाईटनं ते मंद होतं. आवाज आहे, घोगरा आहे, पोरगं म्हणतंय जुन्या बुलेटसारखा. दुपारपर्यंत गॅरेजला बसतो, हात अजून मधूनच खिशाकडं जातो चुन्याच्या डबीला, खिशात आता आइस्क्रीमच्या काड्या असतात, 19 बसतात.

मेहुण्यासाठी : पोटाची दुर्बीण झाली का विचार. दाढा आधी. नळी घालू का म्हणले तर घाला म्हण. बाकी फोन कर, पण सकाळी कर, दुपारनंतर जीभ चालत नाही. आणि पुढच्या मंगळवारी करू नकोस, तिसरं डायलेटेशन आहे.